दोन पुलांमधली चिमणी : मार्गारेट नाईस आणि तुटक वेळेचं शास्त्र

मागचं व्याख्यान संपल्यावर एक बाई आम्हाला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही ज्ञानाचा इतिहास सांगता, छान सांगता. पण तुमच्या या माणसांना घरून कोणी दूध आणायला पाठवत नसे का?" आम्ही हसलो, आणि घरी जाईपर्यंत हसू ओसरलं होतं. कारण प्रश्न अगदी खरा होता. स्पिनोझा, लायबनिट्झ, कांट, तिघेही अविवाहित. निसर्गाकडे वळलो तरी चित्र फारसं बदलत नाही. पक्ष्यांच्या निरीक्षणाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास सेलबर्न या इंग्लिश खेड्यातल्या गिल्बर्ट व्हाइटपासून सुरुवात करतो. त्याचं पुस्तक १७८९ चं. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे वटवटे पक्षी त्याने केवळ आवाजावरून वेगळे ओळखले. थोर माणूस. पण तोही पाद्री, आणि तोही अविवाहित. अंगणात कान देऊन उभं राहायला त्याला सकाळ मोकळी होती.

तेव्हा आज आम्ही अशा एका व्यक्तीची गोष्ट सांगणार आहोत जिची सकाळ मोकळी नव्हती. मार्गारेट मोर्स नाईस. जन्म १८८३, मृत्यू १९७४. पाच मुलींची आई. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात, घरामागच्या नदीकाठच्या झुडपांत आठ वर्षं तिने एकाच जातीच्या लहानशा पक्ष्याची घरटी पाहिली. त्यातून जे ग्रंथ झाले त्यांच्यापाशी पक्षिशास्त्राला थांबून पुन्हा विचार करावा लागला. यापुढे आम्ही त्यांना नाईसबाई म्हणू. आमच्या पिढीला एकेरी जड जातं.

वडील ॲम्हर्स्टच्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक. बाई १९०६ साली माउंट होलिओक कॉलेजातून पदवीधर झाल्या, मग क्लार्क विद्यापीठात बॉबव्हाइट नावाच्या तित्तिरासारख्या पक्ष्याच्या आहारावर काम केलं. पुढे पीएच.डी. व्हायची. ती झाली नाही. १९०९ मध्ये लग्न झालं. पती लिओनार्ड नाईस, शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक. १९१३ मध्ये संसार ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी गेला. मुली होत गेल्या. इथपर्यंतची कथा आपल्यापैकी अनेकांच्या आयांची, बहिणींची, आणि खरं सांगायचं तर बायकांचीही आहे.

पण या काळात एक गोष्ट घडत होती आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पक्षी सुटले, पण वही सुटली नाही. नाईसबाई स्वतःच्या मुलींचं बोलणं टिपायला लागल्या. कुठल्या वयात किती शब्द, कुठला शब्द कुठून आला. १९१५ मध्ये मुलाच्या शब्दसंग्रहावर आणि भोवतालावर त्यांचा लेख छापून आला. १९२५ मध्ये आणखी एक : मूल बोलण्यात किती पुढे गेलं हे त्याच्या वाक्याच्या लांबीवरून मोजता येईल का? आज बालभाषेच्या अभ्यासात वाक्याची सरासरी लांबी हे नेहमीचं माप आहे. ते या बाई स्वयंपाकघरात बसून मोजत होत्या. तुम्ही म्हणाल, डार्विननेही हे केलं होतं. हो, केलं होतं. आपल्या थोरल्या मुलाची रोजनिशी त्याने ठेवली आणि १८७७ मध्ये ती 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात लेखरूपाने छापली. फरक एवढाच की डार्विनच्या घरी मुलाला भरवायला, झोपवायला माणसं होती.

१९१९ चा उन्हाळा. ओक्लाहोमात बातमी अशी की होल्यांची शिकार ऑगस्टपासूनच खुली करावी, कारण तोवर होल्यांची वीण संपलेली असते. मोर्निंग डव्ह हा तिथला होला, आपल्याकडच्या होल्यांचाच भाऊबंद. नाईसबाईंना हे पटलं नाही. संपलेली असते हे पाहिलं कोणी? मुलींना घेऊन त्या आवाराआवारातून घरटी शोधत हिंडल्या. ऑगस्टमध्ये घरटी होती, सप्टेंबरमध्ये होती, ऑक्टोबरातही घरट्यात पिल्लं सापडली. म्हणजे ऑगस्टमध्ये बंदूक चालली की मागे घरट्यात पिल्लं उपाशी मरणार. इथून त्या पक्ष्यांकडे परतल्या. १९२४ मध्ये पतीबरोबर 'ओक्लाहोमाचे पक्षी' हे पुस्तक निघालं. पस्तिशी उलटून गेल्यावरची ही दुसरी सुरुवात आहे, हे ध्यानात ठेवा.

१९२७ मध्ये बिऱ्हाड कोलंबसला आलं. घरामागे ओलेन्टँजी नदीचा पूरपट्टा. दोन पुलांच्या मधला भाग, झुडपं, रान, तण. शहराच्या दृष्टीने पडीक जागा. बाईंनी त्याला लॅटिन धर्तीवर 'इंटरपाँट' म्हणजे 'दोन पुलांमधलं' असं नाव दिलं. कोलंबसच्या त्या पहिल्या काळातच त्यांची एलेनोर नावाची मुलगी वारली. नऊ वर्षांची होती. पुष्कळ लेखक इथे थांबून सांगतात की दुःखातून ही साधना उभी राहिली. आम्ही तसं म्हणणार नाही. माणसाच्या कामामागचं कारण असं एका घटनेत बसवायचा आम्हाला अधिकार नाही. घटना एवढीच की मुलगी गेली, आणि १९२८ च्या मार्चमध्ये बाईंनी एका पक्ष्याच्या पायात कडं घातलं.

पक्षी कोणता? साँग स्पॅरो. नावात चिमणी असली तरी आपल्या घरातली चिमणी ती ही नव्हे. आपल्याकडच्या भारीट पक्ष्यांना हा गट जवळचा. तपकिरी, छातीवर रेघा, रेघांच्या मध्ये एक ठिपका. अमेरिकेत कुठेही दिसणारा, म्हणून कोणी न पाहिलेला. पहिल्या नराला बाईंनी 'ऊनो' म्हटलं, म्हणजे एक. पुढच्या वर्षी त्याचा हद्दीवरून शेजाऱ्याशी तंटा झाला. त्या शेजाऱ्याचं नाव 'फोर एम', म्हणजे चौथा नर. पायात एक सरकारी क्रमांकाचं ॲल्युमिनियमचं कडं, आणि रंगीत सेल्युलॉइडची कडी, दर पक्ष्याला रंगांची वेगळी जुळणी. हातात न धरता, लांबूनच कळावं की हा अमुक.

आता जरा आमच्या विषयात येतो, क्षमा असावी. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की शास्त्र सामान्याचं असतं, विशेषाचं नसतं. 'घोडा' याचं शास्त्र होईल, तुमच्या टांगेवाल्याच्या घोड्याचं होणार नाही. आपल्याकडे न्यायसूत्रात वाद आहे की 'गाय' या शब्दाचा अर्थ काय : व्यक्ती, आकृती की जाती? पक्षिशास्त्र तोपर्यंत बहुतेक जातीचं शास्त्र होतं. पक्षी मारायचा, कातडं भरायचं, खणात ठेवायचा, बाजूला दहा सारखे. मेलेल्या पक्ष्याला व्यक्ती असण्याची गरज उरत नाही. नाईसबाईंच्या कड्यांनी व्यक्ती परत आणली.

हे किती मोठं आहे ते कळायला आपले सालिम अली आठवा. लहानपणी त्यांनी चिमणीच्या घरट्याजवळचा नर बंदुकीने टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर आला. तोही टिपला. असे सात दिवसांत आठ. आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच हे प्रांजळपणे सांगितलं आहे. निरीक्षण पक्कं होतं. पण 'हा दुसरा आहे' हे कळायला पहिला मरावा लागला. कड्यामुळे ते मरण टळलं, आणि उलट प्रश्न विचारता आला : हा तोच आहे का? मागच्या वर्षीचाच? कोणाशी जमलं? पिल्लं किती जगली?

कड्यांची कल्पना एकट्या नाईसबाईंची नव्हे. आयर्लंडमध्ये जेम्स बर्किट नावाचा सर्व्हेअर, रस्ते-पूल बघणारा नोकरदार माणूस, वीसच्या दशकात आपल्या बागेतले रॉबिन असेच ओळखत होता. गंमत म्हणजे तो रंगांध होता, म्हणून कड्यांच्या रंगावर विसंबत नसे, आकारावर विसंबे. तोही कामाच्या धबडग्यातला माणूस. हे योगायोगाने झालं असं आम्हाला वाटत नाही. सगळं जग हिंडायची ज्यांना सवड नाही तेच एका कुंपणात दहा वर्षं काढतात.

आणि इथेच त्या जिन्यातल्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. घरटं पाहायला वेळ किती लागतो? साँग स्पॅरोची मादी तीन ते पाच अंडी घालते. बारा-तेरा दिवस ती एकटी उबवते. नर राखण करतो, गातो. पिल्लं फुटली की दोघं भरवतात. दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं घरट्याबाहेर पडतात, उडता धड येत नसताना. आई-बाप त्यांना पुढेही भरवत राहतात, आणि साधारण महिन्याची झाली की ती स्वतंत्र. या वेळापत्रकात तुम्ही सलग बसायची गरज नसते. यायचं असतं. सकाळी शाळेचे डबे झाल्यावर, दुपारी कोणी झोपल्यावर, संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी. आज काल होतं ते आहे का? बस. आईचं मुलांवर लक्ष असतं ते याच प्रकारचं असतं. सलग नसतं, पण सुटलेलंही नसतं.

अर्थात काही दिवस सलगही लागले. १९३५ च्या मे महिन्यात एकदा बाई 'फोर एम'च्या मागे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राहिल्या आणि त्याची गाणी मोजली. एका दिवसात २३०५. ज्यांनी मुलीचे शब्द मोजले त्यांनाच हे सुचू शकतं, असं आम्ही म्हणालो तर अतिशयोक्ती होणार नाही. या पक्ष्याच्या प्रत्येक नराची गाण्यांची स्वतःची पोतडी असते. बापाची गाणी मुलाकडे वंशाने येतात का, हेही त्यांनी तपासलं. पिढ्या ओळखीच्या होत्या म्हणून तपासता आलं. येत नाहीत. मुलगा बापासारखा गात नाही.

हे सगळं गोड गोड होतं असं समजू नका. घरटी फसत होती, आणि पुष्कळ फसत होती. काऊबर्ड नावाचा तिथला पक्षी, कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकणारा. त्याचं थोराड पिल्लू यजमानाच्या पिल्लांचा घास पळवतं. बाईंनी त्याचाही हिशेब ठेवला. मंदीच्या वर्षांत रान साफ होत गेलं, भाजीचे वाफे आले, झुडपं गेली, आणि चिमण्यांच्या जोड्या घटत गेल्या. तेही वहीत आहे. भुकेल्या माणसाने वाफा करू नये असं कोण म्हणेल? पण काय गेलं ते कोणीतरी लिहून ठेवलं.

छापायचं कुठे, हा मोठा प्रश्न. अमेरिकन नियतकालिकांना इतकं लांबलचक चरित्र, तेही एका सामान्य पक्ष्याचं, नको होतं. १९३१ मध्ये एका परिषदेत अर्न्स्ट मायर भेटले. तेच पुढचे उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक, तेव्हा तरुण. त्यांनी बाईंना युरोपातलं वाङ्मय दाखवलं. बर्लिनच्या एर्विन श्ट्रेसेमान यांनी त्यांचा अभ्यास १९३३-३४ मध्ये आपल्या जर्मन नियतकालिकात छापला. ओहायोतल्या नदीकाठची चिमणी आधी जर्मनमध्ये गाजली. इंग्रजीत मोठा ग्रंथ आला तो १९३७ मध्ये, दुसरा भाग १९४३ मध्ये. त्याआधी, १९४२ मध्ये, अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांचं ब्रूस्टर पदक मिळालं. १९३८ मध्ये कोनराड लोरेन्झ यांच्याकडे ऑस्ट्रियात जाऊन त्यांनी पिल्लं वाढवण्याचं काम जवळून पाहिलं. डॉक्टरेट मात्र मिळाली ती मानद, १९५५ मध्ये, आपल्याच जुन्या कॉलेजाकडून. कोणी 'गृहिणी' म्हटलं तर त्यांना राग येई. मी प्रशिक्षित प्राणिशास्त्रज्ञ आहे, असं त्या ठासून सांगत. आम्हाला वाटतं तो राग योग्य होता. कारण 'गृहिणी' म्हणणाऱ्याला 'फावल्या वेळात' असं म्हणायचं असे. फावला वेळ नव्हताच.

श्ट्रेसेमान हे नाव पुन्हा उच्चारतो, कारण तिथून एक धागा थेट आपल्या अलिबागेला येतो. सालिम अली १९२९-३० मध्ये बर्लिनला याच श्ट्रेसेमानांकडे शिकले. परत आले तर नोकरी नाही. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत. शिडीवर आडोसा करून ते दिवसच्या दिवस खोपे बघत बसले. १९३१ मध्ये लेख आला. निष्कर्ष असा की खोपा विणतो तो नर. अर्धा विणतो, माद्या येऊन पाहतात, एखादी पसंत करते. मग तो पुरा करतो, आणि तिला तिथे सोडून दुसरा खोपा सुरू करतो. आणि आपण मराठीत त्या पक्ष्याला काय म्हणतो? सुगरण. स्त्रीलिंगी!

बहिणाबाईंचं नाव तुमच्या ओठांवर आलेलं आम्हाला दिसतंय. जन्म १८८०, नाईसबाईंहून तीन वर्षांनी मोठ्या. असोद्याच्या लेकी, जळगावच्या सून, तिशीच्या सुमारास वैधव्य, तीन मुलं, शेत आणि घर. अक्षरओळख नाही. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी टिपून ठेवली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांच्या कवितेत खोपा विणते ती मादी, आपल्या पिलांसाठी. मग बहिणाबाई चुकल्या का? आमच्या एका विद्यार्थ्याने एकदा वर्गात हा प्रश्न विचारला आणि आम्ही काहीतरी कवितेचं सत्य वेगळं, शास्त्राचं सत्य वेगळं, असं म्हणून वेळ मारून नेली. आज ते उत्तर आम्हाला पसंत नाही. विणणारा कोण, याबाबत त्या चुकल्या, सरळ म्हणावं. पण आतली ऊब, अंडी, आणि भरवण्याचं बहुतेक काम मादीच करते. शेतात जाता-येता ज्या वेळी बहिणाबाईंची नजर वर गेली असेल त्या वेळी खोप्याशी येरझाऱ्या घालणारी मादीच असणार. शिडी लावून ओळीने काही महिने बसायला मिळालं असतं तर त्यांनाही नर दिसला असता. नाईसबाईंना पदवी होती, वही होती, पती प्राध्यापक होते, घराची भ्रांत नव्हती. तुटक वेळ दोघींकडे होता. तो साठवायला कागद एकीकडेच होता. या फरकाबद्दल बोलल्याशिवाय नाईसबाईंचं कौतुक आम्ही पुरं करू शकत नाही.

आता स्वतःबद्दल थोडं, कारण हे व्याख्यान आम्ही का घेतलं ते सांगितलं पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही प्रबंध लिहीत होतो. विषय, हसू नका, 'व्यक्तीची ओळख' : काळ बदलतो तरी ही व्यक्ती तीच, असं आपण कशावरून म्हणतो? गॅलरीत मनीप्लँटच्या टांगत्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. टेबलापासून सहा-सात पावलांवर. मुलगा पाच वर्षांचा. तो रोज येऊन सांगे, "बाबा, चला ना, बघा ना." आणि आम्ही रोज म्हणत असू, "एवढं पान होऊ दे." पान होत नसे. एक दिवस त्याने सांगणं बंद केलं. आमच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त वाईट. प्रबंध झाला, डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधात दोनशेच्या वर पानं आहेत आणि एकही पक्षी नाही.

आमची बायको बँकेत नोकरी करत होती. पहाटे पाणी भरणं, दोन डबे, मुलाची शाळा, मग बस. ती रोज गॅलरीच्या दाराशी दुधाचं पातेलं हातात धरून मिनिटभर उभी राहायची, एवढं आम्हाला आठवतं. आम्हाला वाटायचं, दूध निववतेय. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनी कालनिर्णय निघाली. दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक पेन्सिलीने काही लिहिलेलं. आम्ही विचारलं, हे काय? तर म्हणाली, "बुलबुल." त्या आज समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि हे जाहीर सांगू नका अशी खूण करताहेत. आम्ही त्यांची परवानगी काल घेतली आहे. आता माघार नाही.

ते पान आणलं आहे. चष्मा बदलतो. एप्रिल. तीन तारीख : दूध दीड लिटर, काड्या. सात : दीड लिटर, वाटी झाली. दहा : अंडं एक. बारा : दीड लिटर, तीन. मग काही दिवस नुसतंच 'आहे', 'आहे'. एकोणीस : पाऊस, बसून होती, आहे. पंचवीस : दोन फुटली. सव्वीस : तिसरं नाही फुटलं. तीस : दूध दोन लिटर, पाहुणे, डोळे उघडले. मे महिन्याचं पान मागे आहे. दोन तारीख : पिसं. पाच : कावळा, हाकलला. सहा : दोन्ही कडेला बसली, याने ह्यांना हाक मारली नाही. सात : दूध दीड लिटर, रिकामं.